तेलाचा काटा काय सांगतो?

ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेचं पाणी भंडारा शहरातल्या वस्त्यांत शिरलं. वर मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात संजय सरोवरातून मोठा विसर्ग सुरू होता, खाली पवनी तालुक्यात गोसीखुर्द धरणाचे सगळे 33 दरवाजे उघडले होते आणि मधल्या अनेक गावांना पाण्याचा वेढा पडला होता. लोकांना बाहेर काढायला एनडीआरएफ आणि एसडीआरएफची पथकं बोटी घेऊन पाण्यात उतरली. बचावाच्या रबरी बोटीच्या मागच्या फळीवर एक इंजिन अडकवलेलं असतं. ते म्हणजे आउटबोर्ड मोटर, पथकांच्या बोलण्यात नुसतं ‘ओबीएम’. पुराच्या धावपळीत सगळ्यांची नजर बोटीत किती माणसं बसली यावर असते. इंजिनाच्या पोटातल्या दोन-तीन लिटर तेलाचा विचार कोणाच्या मनात येत नाही.

बोट परत येणार की नाही, हे मात्र त्या तेलावरही अवलंबून असतं. महामार्गावर ट्रकचं इंजिन बंद पडलं तर ड्रायव्हर गाडी कडेला घेतो, हँडब्रेक ओढतो आणि मिस्त्रीला फोन लावतो. नदीत ब्रेक नसतो आणि काठ लांब असतो. आउटबोर्डवर चालणारी बोट वळते तीच मुळी पंख्याने मागे फेकलेल्या पाण्याची दिशा बदलून. पंखा थांबला की वेग जातो आणि वळणंही जातं. मग बोट प्रवाह नेईल तिकडे जाते. म्हणून बोटीत तेलाच्या दाबावर नजर ठेवायची ती आधी माणसांसाठी आणि मग इंजिनासाठी.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. इथल्या ढिवर समाजाने पिढ्यान् पिढ्या डोंग्यात बसून, वल्हं मारून मासेमारी केली. त्यात इंजिनाला जागाच नव्हती. गोसीखुर्दची पायाभरणी 1988 साली झाली, पुढे धरणात पाणी अडलं आणि वैनगंगेचं पात्र समुद्रासारखं पसरलं. पाच नद्यांच्या संगमावरचं आंभोरा, तिथला नवा केबल पूल, जलाशयातल्या पर्यटनाच्या योजना यांमुळे या पाण्यावर इंजिनाच्या बोटी वाढत चालल्या आहेत. त्या चालवणाऱ्याला आणि त्यात बसणाऱ्यालाही तेलाचा काटा वाचता यायला हवा.

दाब येतो कुठून?

इंजिनातला सगळ्यात जड फिरता भाग म्हणजे क्रँकशाफ्ट. तो शेल बेअरिंगमध्ये बसतो. शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये मिलिमीटरच्या विसाव्या ते दहाव्या भागाइतकी फट ठेवलेली असते आणि ती तेलाने भरलेली असते. खाली चेंबरमध्ये तेल साठतं, पंप ते जाळीतून ओढतो, फिल्टरमधून ढकलतो आणि मुख्य वाहिनीतून प्रत्येक बेअरिंगपर्यंत पोचवतो. फटींतून झिरपून ते पुन्हा चेंबरमध्ये गळतं. असा फेरा मिनिटाला कितीतरी वेळा होतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. पंप दाब तयार करत नाही. तो फक्त तेल ढकलतो. पुढे वाट अरुंद असल्यामुळे तेल अडतं आणि त्या अडण्यातून दाब उभा राहतो. धानाच्या शेतात इंजिनाने पाणी सोडलं की पाटात ते काठोकाठ चढतं आणि शेवटच्या बांधीपर्यंत जातं. मध्ये कुठे पाट फुटला, तर इंजिन तेवढंच पाणी फेकत असलं तरी पाटातली पातळी उतरते आणि टोकाची बांधी कोरडी राहते. इंजिनातही हेच घडतं. बेअरिंग झिजून फट दुप्पट झाली की तेल सहज निसटतं. पंप धडधाकट असतो, तेल पुरेसं असतं, तरी काटा खाली येतो.

म्हणजे काटा इंजिनात किती तेल आहे ते सांगत नाही. त्यासाठी डिपस्टिक असते. तेलाला वाटेत किती विरोध होतो आहे, एवढंच काटा सांगतो. तेल निम्मं झालं तरी जाळी बुडलेली असेपर्यंत काटा जागचा हलणार नाही. बोट कलली, वळणावर तेल एका बाजूला गेलं आणि जाळीने हवा ओढली की तो एकदम आपटतो. तेल कमी असल्याचं काट्यावरून कळतं ते असं, फार उशिरा.

आता प्रश्न असा, की पंपाकडून येणाऱ्या जेमतेम चार बारच्या दाबावर (या मापांचा हिशोब पुढे येतो) एवढा जड शाफ्ट तरंगतो कसा? याचं उत्तर 1883 च्या सुमारास इंग्लंडमध्ये सापडलं, तेही अपघाताने. बोशँप टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालायला एक भोक होतं. आस फिरू लागला की त्यातून तेल उलट वर येऊ लागलं. त्याने बूच ठोकलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर आली. शेवटी त्याने तिथे दाबमापक लावला, तर काटा 200 पीएसआयच्याही पुढे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार याच्या जवळपास निम्माच होता. फिरणारा आस स्वतःच तेलाला निमुळत्या जागेत ओढून घेतो आणि त्या पाचरीत प्रचंड दाब तयार होतो, हे त्यातून उघड झालं. 1886 मध्ये ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. आजच्या इंजिनात या पातळ थरातला दाब शेकडो बारवर जातो आणि धातूला धातू लागत नाही. पंपाचं काम एवढंच, की ती पाचर कधी कोरडी पडू द्यायची नाही. पुरवठा तुटला की ती काही सेकंदांतच मोडते, बेअरिंगचा मऊ धातू वितळतो आणि इंजिन सीज होतं.

दिवा आणि काटा

दाब बघायची दोन साधनं असतात. पहिलं स्विच. त्यात एक पडदा आणि एक स्प्रिंग असते. दाब ठरलेल्या मर्यादेखाली गेला की आतला संपर्क जुळतो, लाल दिवा लागतो किंवा बझर वाजतो. दुसरं साधन मीटर. जुन्या पद्धतीच्या मीटरमध्ये तेल बारीक नळीने थेट डॅशबोर्डपर्यंत येतं आणि एक वाकवलेली चपटी नळी दाबाने सरळ होऊ पाहते. तिच्या टोकाला काटा जोडलेला असतो. ही युक्ती पॅरिसच्या यूजेन बूर्दों यांनी 1849 साली पेटंट केली आणि ती अजून वापरात आहे. हल्लीच्या मीटरमध्ये इंजिनावर सेंडर बसतो आणि डॅशबोर्डपर्यंत फक्त वायर येते.

स्विच स्वस्त, टिकाऊ आणि समजायला सोपा. त्याचा दोष त्याच्या मर्यादेत आहे. तो बहुधा 0.3 ते 0.5 बारच्या आसपास लागतो. चालत्या इंजिनाचा दाब 4 बार असेल तर दिवा लागेपर्यंत दहातले नऊ भाग दाब निघून गेलेला असतो. भरवेगात चाललेल्या इंजिनाला एवढा कमी दाब पुरत नाही. दिवा लागला म्हणजे इशारा मिळाला, असं आपण धरतो. पण पूर्ण वेगात तो लागला असेल तर नुकसान बहुधा आधीच सुरू झालेलं असतं. उतरत जाणारा दाब दिसतो तो फक्त मीटरवर. बोटीत दोन्ही असावीत: नजर दुसरीकडे असताना ओरडणारा बझर आणि नजर टाकली की आकडा सांगणारा मीटर.

आकड्यांचं म्हणाल, तर आपल्याकडे तीन मापं चालतात. एक बार म्हणजे साधारण 14.5 पीएसआय आणि तेच जवळपास एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर. गॅरेजमध्ये ‘प्रेशर तीन किलो आहे’ म्हणतात ते हेच. गरम इंजिन आयडलवर एक बारच्या आसपास आणि कामाच्या वेगावर तीन ते पाच बार दाखवत असेल तर ते सर्वसाधारण मानतात. हा केवळ अंदाज. खरा आकडा त्या इंजिनाच्या पुस्तिकेत असतो. वेग वाढवला तरी दाब एका जागी येऊन थांबतो, कारण तिथे रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा तेल परत चेंबरमध्ये जातं.

सेंडर बदलताना एक सापळा आहे. युरोपी पद्धतीच्या सेंडरचा विरोध शून्य दाबाला सुमारे 10 ओहम असतो आणि पूर्ण दाबाला सुमारे 180. अमेरिकी पद्धतीत उलटं: शून्याला 240, पूर्ण दाबाला 33. एका पद्धतीचा मीटर आणि दुसऱ्या पद्धतीचा सेंडर जोडला तर दाब घटतो तसा काटा चढतो. इंजिन मरत असतं आणि मीटर सगळं उत्तम आहे असं सांगत असतो. भंडाऱ्याजवळ गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना 1982 पासून आहे आणि याच कंपनीची डिझेल इंजिनं पश्चिम किनाऱ्यावरच्या मच्छीमार ट्रॉलरांवरही बसतात. त्यामुळे ट्रक दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला बोटीतलं डिझेल इंजिन अनोळखी वाटत नाही. विजेचं काम मात्र वेगळं असतं. ट्रकमध्ये इंजिनाचा लोखंडी सांगाडाच अर्थिंगचं काम करतो, तर काही बोटींमध्ये परतीची वायर वेगळी ओढलेली असते. ट्रकचा सेंडर अशा बोटीत तसाच बसवला तर मीटरवर विसंबता येत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच बघून घ्यावी. काही इंजिनांना तेलाचा दाबच नसतो. टू-स्ट्रोक आउटबोर्डमध्ये चेंबर नसतं. तेल पेट्रोलमध्ये मिसळलेलं असतं आणि त्याच्याबरोबर जळून जातं. तिथे पाहायचं ते मिश्रणाचं प्रमाण, किंवा तेलाची वेगळी टाकी असेल तर तिची पातळी. बचावाच्या बोटींवर अशी इंजिनं बरीच आढळतात. एकाच पथकाकडे टू-स्ट्रोक आणि तेलाचं चेंबर असलेली फोर-स्ट्रोक असे दोन्ही प्रकार असले तर कोणत्या इंजिनावर काय बघायचं हे कव्हरवर रंगाने लिहून ठेवलेलं बरं.

काटा उतरतो तेव्हा

दाब कमी होण्याची कारणं बरीच, पण ती ठरावीक क्रमाने तपासली तर गोंधळ होत नाही.

सगळ्यात आधी डिपस्टिक. बोट सपाट पाण्यावर, इंजिन उभं आणि थोडा वेळ बंद असताना पातळी बघायची. तेल कमी असेल तर गळती शोधायची. तेल वाढलेलं असेल तर जास्त सावध व्हायचं, कारण तेल आपोआप वाढत नसतं. त्यात काहीतरी मिसळलेलं असतं. बोटाला डिझेलचा किंवा पेट्रोलचा वास आला तर इंधन उतरतंय. रंग दुधाळ चहासारखा असेल तर पाणी शिरलंय, गॅस्केटमधून किंवा तेल थंड करणाऱ्या कूलरमधून. दोन्ही प्रकारांत तेलाचा वंगणाचा गुणच जातो आणि असं इंजिन चालवत राहणं धोक्याचं.

मग तेलाचा दर्जा. 15डब्ल्यू-40 हे तेल 40 अंशांना जेवढं घट्ट असतं, त्याच्या साधारण सातव्या हिश्शाइतकंच 100 अंशांना उरतं. त्यामुळे सकाळी इंजिन सुरू करताच काटा वर असतो आणि तापल्यावर उतरतो, यात घाबरण्यासारखं काही नाही. तुलना करायची ती गरम इंजिनाची गरम इंजिनाशी, एकाच वेगावर.

यानंतर मीटरचीच शंका. इंजिनाचा आवाज न बदलता काटा एकदम शून्यावर पडला तर वायर किंवा सेंडर गेलेला असू शकतो. तरीही, बोट सुरक्षित जागी असेल तर, इंजिन आधी बंद करायचं आणि शंका मागाहून फेडायची. सेंडर काढून त्या जागी नळीचा साधा मीटर लावला की पाच मिनिटांत निकाल लागतो. फिल्टर आणि पंपाची जाळी त्यानंतर, आणि बेअरिंग सगळ्यात शेवटी, कारण त्यासाठी इंजिन खोलावं लागतं.

आयडलवर दिवा लुकलुकतो आणि रेस दिली की विझतो, ही तक्रार नेहमीची. बेअरिंगची झीज किंवा पातळ झालेलं तेल हे तिचं सामान्य कारण. त्यावर जास्त घट्ट तेल टाकलं की दिवा विझतो आणि सगळे खूश होतात. फट मात्र तेवढीच राहते. शिवाय थंड इंजिनात ते घट्ट तेल लांबच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं.

जास्त दाब म्हणजे जास्त चांगलं, असंही नाही. मीटर बहुधा मुख्य वाहिनीतला दाब मोजतो. त्यापुढची एखादी वाट गाळाने बुजली तर तेल अडून काटा उलट चढेल आणि त्या वाटेवरचं बेअरिंग उपाशी राहील. रिलीफ व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला तरी दाब वाढतो. रोजच्यापेक्षा वेगळा आकडा, वरचा असो की खालचा, तपासायलाच हवा.

इथलं पाणी, इथलं ऊन

समुद्रावरच्या बोटीला खारं पाणी गंजवतं. वैनगंगेवर शत्रू वेगळे आहेत. मे महिन्यात भंडाऱ्याचा पारा 45 अंशांच्या घरात जातो, तेव्हा इंजिनाभोवतीची हवा आणि नदीचं पाणी दोन्ही तापलेली असतात. नाग नदीतून नागपूरचं सांडपाणी कन्हानमार्गे वैनगंगेत आणि गोसीखुर्दच्या जलाशयात येतं आणि त्या खतावर जलपर्णी माजते. बोटीचं इंजिन भोवतीचंच पाणी ओढून थंड होतं. जलपर्णीच्या मुळांनी किंवा प्लास्टिकने त्याचं तोंड बंद केलं की इंजिन तापतं, तेल पातळ होतं आणि दाब उतरतो. म्हणून तेलाचा काटा एकट्याने वाचू नये. तापमान चढतंय आणि दाब उतरतोय, असं एकाच वेळी दिसलं तर दोष बहुधा पाण्याच्या वाटेत असतो. आउटबोर्डच्या बाजूने पाण्याची जी धार पडते ती बारीक झाली का, हे आधी बघावं. पुरात याच वाटेने गाळही आत जातो आणि पाणी ओढणारा रबरी इंपेलर झिजवतो.

बोटीच्या इंजिनाचं कामही कठीण असतं. रस्त्यावर उतार लागतो, इंजिनाला श्वास मिळतो. पाण्यात उतार नाही. पंख्याचा भार वेगाबरोबर फार झपाट्याने वाढतो; वेग दुप्पट केला तर लागणारी शक्ती साधारण आठपट होते. भरलेली बोट प्रवाहाविरुद्ध नेताना इंजिन सलग तासभर पूर्ण ताकदीवर चालतं. मोटारीच्या वाट्याला हे क्वचितच येतं.

बचावाच्या बोटींची अडचण याच्या उलट आहे. त्या वर्षातले बहुतेक महिने गोदामात पडून असतात आणि एका रात्रीत त्यांच्याकडून पूर्ण ताकद हवी असते. पडून राहिलेल्या इंजिनात बेअरिंगवरचं तेल खाली उतरून गेलेलं असतं, म्हणून सुरुवातीचे काही सेकंद झीज सगळ्यात जास्त होते. यावर उपाय म्हणून पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून दर महिन्याला पाच मिनिटं इंजिन फिरवतात. फोर-स्ट्रोकला एवढं पुरत नाही. थंड इंजिनात न जळलेलं पेट्रोल आणि वाफ तेलात उतरतात आणि ती उडून जायला इंजिन नीट तापावं लागतं. महिन्यातून एकदाच, पण बोट पाण्यात घालून वीसेक मिनिटं भारावर चालवणं जास्त उपयोगाचं. तास कमी भरले तरी तेल वर्षातून एकदा बदलावं, आणि पुरानंतर लगेच.

भर नदीत

बझर वाजला, काटा पडला. काय करावं? पुस्तिकेत एक वाक्य असतं: इंजिन ताबडतोब बंद करा. इंजिनापुरतं ते बरोबर आहे. संथ जलाशयात, भोवती मोकळं पाणी असेल तर तेच करायचं. पण खाली धरणाचे दरवाजे उघडे असतील, पुलाचे खांब जवळ असतील किंवा बोट जोराच्या धारेत असेल, तर इंजिन बंद करणं म्हणजे बोट सोडून देणं. अशा वेळी वेग कमी करायचा, कारण बेअरिंगवरचा भार वेगाबरोबर वाढतो, आणि सगळ्यात जवळच्या संथ पाण्याकडे किंवा काठाकडे वळायचं. नांगर टाकला, दोरी झाडाला बांधली की मग इंजिन बंद. इंजिन नवं बसवता येतं. काही फोर-स्ट्रोक आउटबोर्ड दाब पडताच स्वतःहून वेग उतरवतात आणि हळू चालत राहतात, तेही याच विचाराने. चालकाला ते माहीत नसेल तर त्याला वाटतं इंजिन ओढत नाही, आणि तो थ्रॉटल आणखी पिळतो.

हा निर्णय सुचायला जेमतेम काही सेकंद मिळतात. म्हणून तो बोट सुटण्यापूर्वीच ठरलेला असावा. वल्ही बोटीत असावीत, नांगराची दोरी गुंता न होता सुटेल अशी गुंडाळलेली असावी, आणि बझर वाजल्यावर कोण नांगर टाकणार हे एका माणसाचं ठरलेलं काम असावं. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी लाल दिवा लागतो का, हेही रोज बघावं. तिथे लागला नाही तर तो बल्ब किंवा ती वायर मेलेली आहे, आणि गरजेच्या वेळीही तो लागणार नाही. सुरू झाल्यावर पाच-दहा सेकंदांत दाब आला नाही तर इंजिन बंद करायचं. काठावर असताना यात कसलीच अडचण नसते.

वहीतला आकडा

पुस्तिकेतला आकडा त्या मॉडेलच्या सगळ्या इंजिनांसाठी असतो. आपल्या बोटीवरच्या इंजिनाचा आकडा फक्त आपल्यालाच मिळू शकतो. नवं तेल घातल्यावर, इंजिन पूर्ण तापल्यावर, आयडलवर आणि नेहमीच्या वेगावर दाब किती, तापमान किती, हे वहीत लिहायचं. शेजारी तेलाचा ग्रेड, चाललेले तास आणि तारीख. पुढे प्रत्येक वेळी त्याच दोन वेगांवर नोंद. मार्चमध्ये 3.8, मेमध्ये 3.7, जूनमध्ये 3.1 असे आकडे आले तर काहीतरी चाललंय हे दिवा लागण्याच्या कितीतरी आधी कळतं. पुस्तिकेनुसार 3.1 कदाचित चालण्याजोगाच असेल. पण या इंजिनाच्या बाबतीत तो उतार आहे आणि उताराला कारण असतं.

अशी वही लिहायला तांत्रिक शिक्षण लागत नाही. जलपर्यटनाची बोट असेल तर ती वही चालकाकडे असावी आणि सकाळच्या पहिल्या फेरीआधी भरली जावी. बचावाची बोट असेल तर पावसाळ्यापूर्वीची रंगीत तालीम ही त्यासाठी आयती संधी आहे. त्या दिवशी वैनगंगेत बोटी उतरतात, जवान बुडणाऱ्याला वाचवून दाखवतात, अधिकारी पाहणी करतात. त्याच तालमीत प्रत्येक फोर-स्ट्रोक इंजिन पूर्ण तापेपर्यंत भारावर चालवून त्याचे दोन आकडे लिहिले आणि मागच्या वर्षीच्या आकड्यांशी ताडले, तर कोणतं इंजिन पुरात पाठवायचं आणि कोणतं आधी मिस्त्रीकडे, हे जूनमध्येच ठरेल.